फ्रीजमधली डावी बाजू

मे महिन्यात घातलेले कैरीचे लोणचे फडताळातल्या बरणीत पुढच्या वर्षीच्या कैऱ्या येईपर्यंत टिकते. ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र फ्रीजमध्ये ठेवूनही तिसऱ्या दिवशी आंबूस लागते. बरणी उन्हाळाभर गॅसच्या शेगडीपासून चार हातांवर असते, चटणीचा डबा थंडगार कपाटात असतो, आणि तरी बिघडते ती चटणीच. ताटाच्या डाव्या बाजूला वाढले जाणारे पदार्थ, म्हणजे लोणचे, चटणी, ठेचा, मुरंबा आणि आता त्यांच्या पंगतीला येऊन बसलेले केचप, सोया सॉस, मेयोनीज, यांपैकी कोणाला फ्रीजमध्ये ठेवावे, कोणत्या कप्प्यात ठेवावे आणि कोणाला फ्रीजची गरजच नाही, याची उत्तरे या कोड्यातच दडलेली आहेत.

बहुतेक घरांत ही मांडणी बाटलीच्या उंचीवरून ठरते. उंच ते दारात, बुटके ते जिथे मावेल तिथे. बाटली किती उंच आहे यापेक्षा तिच्यातला पदार्थ स्वतःला किती सांभाळू शकतो, हे पाहून जागा दिली तर निम्मी नासाडी थांबते.

बरणीतले राखणदार

पदार्थ बिघडवणाऱ्या जिवाणूंना, यीस्टना आणि बुरशीला जगायला पाणी लागते. पण पदार्थात पाणी असणे वेगळे आणि ते त्यांच्या वाट्याला येणे वेगळे. एसटीत शिरलेल्या माणसाला आसने रिकामी दिसतात, पण प्रत्येकावर कोणीतरी रुमाल टाकून ठेवलेला असतो. जागा असून बसता येत नाही. मीठ आणि साखर पाण्याच्या बाबतीत हेच करतात. त्यांचे कण पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. मुरंब्यात पाणी असते, पण ते सगळे साखरेने अडवलेले असते.

मोकळ्या पाण्याचे हे प्रमाण शून्य ते एक या पट्टीवर मोजतात. सूक्ष्मजीवांची वाढ एकूण पाण्यावर ठरत नसून या मोकळ्या पाण्यावर ठरते, हे ऑस्ट्रेलियातले संशोधक डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५३ साली दाखवून दिले. शुद्ध पाण्याचा आकडा १. तो ०.९१च्या खाली गेला की अन्न नासवणारे बहुतेक जिवाणू वाढू शकत नाहीत, ०.८०च्या खाली बहुतेक बुरशीही थांबतात. मिठाने पुरते संपृक्त झालेल्या पाण्याचा आकडा ०.७५ भरतो, मधाचा ०.६च्या आसपास. ओल्या खोबऱ्याच्या किंवा कोथिंबिरीच्या चटणीचा आकडा एकाच्या अगदी जवळ असतो. तिथे एकाही आसनावर रुमाल नाही.

मीठ आणखीही एक काम करते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की रात्रीतून पाणी सुटते. बाहेर मीठ जास्त आणि फोडीत कमी, त्यामुळे फोडीतले पाणी बाहेर ओढले जाते. बरणीत चुकून शिरलेल्या जिवाणूचीही तीच गत होते. त्याला फोडीसारखाच खार सुटतो आणि तो आक्रसतो.

दुसरा राखणदार आंबटपणा. तो पीएच या मापाने मोजतात आणि आकडा जितका लहान तितका पदार्थ आंबट. लिंबाचा रस २ ते २.५च्या आसपास असतो, टोमॅटो केचप साधारण ४ किंवा त्याखाली. अन्नशास्त्रात ४.६ हा आकडा सीमारेषेसारखा मानतात. त्याखाली क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढू शकत नाही. हा जिवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो आणि मज्जातंतू लुळे पाडणारे जहाल विष तयार करतो. लसूण, आले, खोबरे, कोथिंबीर हे सगळे या रेषेच्या वरचे, म्हणजे फारसे आंबट नसलेले पदार्थ आहेत.

तिसरी राखणदार मोहरी, आणि तिचे श्रेय तिला क्वचितच मिळते. अख्खी मोहरी चावली तर आधी काही जाणवत नाही. पाणी घालून फेसली की मात्र नाकातून कानापर्यंत झणका जातो. दाणा फुटून ओला झाला की त्यातले एक विकर दुसऱ्या एका घटकाला तोडते आणि तिखट, उडून जाणारे तेल तयार होते. हे तेल बऱ्याच जिवाणूंना आणि बुरशीला सोसत नाही. लोणच्यात फेसलेली मोहरी किंवा मोहरीची डाळ घालण्यामागे चव तर आहेच, पण पहाराही आहे.

राहिले तेल. लोणच्यावर तेलाचा थर हवा, हे सर्वांना ठाऊक असते. तेल म्हणजेच टिकाऊपणा, ही समजूत मात्र अर्धवट आहे. तेल सूक्ष्मजीवांना मारत नाही. ते हवा आत येऊ देत नाही, आणि हवा नसली की बुरशी धरत नाही. म्हणून तेल हा दारवान आहे. घरात मीठ आणि आंबटपणा असेल तर त्याचा उपयोग. नसेल तर हाच दारवान बोट्युलिनमसारख्या, हवा नकोच असलेल्या पाहुण्याची सोय करतो.

कैरीच्या पारंपरिक लोणच्यात हे चौघेही हजर असतात, ओल्या चटणीत एकही नसतो. सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर इतकेच आहे. गोदरेजने भारतात पहिला फ्रीज १९५८ साली बनवला. लोणच्याने त्याआधी शेकडो उन्हाळे फ्रीजविना काढले होते.

थंडी मारत नाही, मंदावते

ज्या पदार्थात राखणदार नाहीत त्याला थंडी बाहेरून मदत करते. अन्नातल्या रासायनिक क्रिया तापमान दहा अंशांनी उतरले की ढोबळमानाने निम्म्या किंवा त्याहून कमी वेगाने चालतात. सूक्ष्मजीवांची वाढही अशीच रेंगाळते. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा त्यांच्या सुगीचा. म्हणून फ्रीजच्या आतले तापमान ४ अंशांच्या आसपास असावे, असे सांगतात.

पण रेंगाळणे म्हणजे थांबणे नव्हे. यीस्ट आणि बुरशी फ्रीजच्या थंडीतही सावकाश वाढतात. फ्रीजमध्ये आहे म्हणून चांगले आहे, या भरवशावर आठ-आठ दिवस पडून राहिलेली चटणी हा त्या गैरसमजाचा पुरावा असतो.

ओसरी आणि माजघर

बाहेरून एकच थंड कपाट दिसले तरी फ्रीजच्या आत निरनिराळी हवामाने असतात. एकदारी फ्रीजमध्ये थंडी वरच्या बर्फाच्या कप्प्यात तयार होते. थंड हवा जड, म्हणून ती खाली उतरते. बर्फाच्या कप्प्याखालचा उथळ ट्रे सर्वांत गार आणि खाली येता येता गारवा कमी होत जातो. तळाचा भाजीचा खण काचेने झाकलेला असल्यामुळे तिथे गारवा बेताचा आणि ओलावा जास्त असतो. बर्फ न साचणाऱ्या दुदारी फ्रीजमध्ये पंखा थंड हवा ढकलतो, त्यामुळे तापमान बरेचसे सारखे राहते. मात्र हवा जिथून बाहेर पडते त्या मागच्या जाळीला टेकलेली वस्तू गोठते.

दार मात्र सगळ्याच फ्रीजमध्ये सर्वांत उबदार असते. ते उघडले की दारातल्या बाटल्या थेट खोलीच्या हवेत येतात, बंद केले की पुन्हा थंड होऊ लागतात. मुंबईच्या मे महिन्यात खोलीत ३३ अंश असताना मुलांनी दिवसातून पंचवीसदा फ्रीज उघडला, तर दारातल्या बाटलीला पंचवीस वेळा चटका बसतो.

जुन्या वाड्यातल्या ओसरीसारखी ही जागा आहे. ऊन, वारा, येणारे-जाणारे सोसणाऱ्याने ओसरीवर बसावे. नाजूक प्रकृतीचे माजघरात. प्रत्यक्षात उलटे घडते. दुधाची बाटली दारात उभी असते आणि आत, सर्वांत गार जागेवर, मीठ-तेलाने सुरक्षित असलेली लोणच्याची बरणी आरामात पसरलेली असते. दूध आणि ओली चटणी आत आणावी, लोणचे आणि सॉस दारात पाठवावेत. एवढ्या एका अदलाबदलीने मांडणीतली मोठी चूक दुरुस्त होते.

दारात कोण?

टोमॅटो केचप, चिली सॉस, सोया सॉस, विकतचे लोणचे, जॅम, चिंच-गुळाची आटवलेली चटणी हे दाराचे हक्काचे रहिवासी.

केचपबद्दल एक शंका नेहमी निघते. हॉटेलच्या टेबलावर बाटली दिवसभर उघड्यावर असते, मग घरीच फ्रीज कशाला? हॉटेलातली बाटली दोन-चार दिवसांत संपते; घरातली तीन महिने चालते. आंबटपणा आणि साखर यांमुळे ते बाहेरही लगेच नासत नाही, पण रंग काळपटतो आणि चव उतरते. थंडीत हे सावकाश होते. अनेक सॉसच्या बाटल्यांवर सोडियम बेंझोएटचा, म्हणजे आयएनएस २११ चा, उल्लेख असतो. हे परिरक्षक आंबट पदार्थातच नीट काम करते. त्यामुळे सॉसमध्ये पाणी घालून तो ‘वाढवण्याची’ काटकसर दुहेरी महाग पडते. आंबटपणा पातळ होतो आणि परिरक्षकही.

सोया सॉसमध्ये मीठ इतके असते की तो बाहेरही नासत नाही. थंडी हवी असते ती त्याच्या वासासाठी. हवेशी संबंध आला की तो हळूहळू बोथट होतो. व्हिनेगरला मात्र कसलीच थंडी नको. जे स्वतःच परिरक्षक आहे त्याला दारातली जागा देणे म्हणजे पहारेकऱ्यालाच कुलूप लावण्यासारखे.

घरच्या लोणच्याचा निर्णय त्याच्या कृतीवर ठरतो. भरपूर मीठ आणि वर बोटभर तेल असेल तर बरणी कपाटात सुखी राहते. रक्तदाबामुळे मीठ कमी, हृदयासाठी तेल कमी, असे करत घातलेले लोणचे दिसायला लोणचे असले तरी त्याचे राखणदार रजेवर गेलेले असतात. ते फ्रीजमध्येच, आणि दारात न ठेवता आत ठेवावे. ताज्या कैरीचे चार दिवसांचे तक्कू, गाजर-मुळ्याचे झटपट लोणचे यांनाही हाच नियम.

आत कोण?

खोबऱ्याची चटणी सर्वांत नाजूक. पाणी भरपूर, आंबटपणा नगण्य, आणि भरीला खोबऱ्यातला स्निग्धांश. ती वरच्या गार कप्प्यात ठेवून दोन दिवसांत संपवावी. कोथिंबीर-पुदिन्याच्या चटणीत लिंबू पिळलेले असेल तर आणखी एक-दोन दिवस मिळतात. लिंबू चटणी काळी पडू देत नाही, कारण वाटल्यावर हवेशी होणारी क्रिया आम्लाने मंदावते. पण तेच आम्ल पानांच्या हरितद्रव्यावर हळूहळू काम करते आणि पोपटी चटणी शेवाळी दिसू लागते. हा रंगबदल म्हणजे नासणे नव्हे. वास आणि बुडबुडे पाहावेत. जास्तीची चटणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरून ठेवता येतात.

ठेचा फसवा असतो. तिखट म्हणजे टिकाऊ, असे वाटते. पण मिरचीचा जाळ माणसाच्या जिभेला लागतो, जिवाणूंना तो पुरेसा धाक नसतो. भाजलेल्या मिरच्या, लसूण, मीठ यांत आंबट काहीच नसते. ठेचा आतल्या कप्प्यातच हवा.

आणि लसूण. याच्याबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण इथे चूक झाली तर ती नुसती चवीवर निभावत नाही. लसूण जमिनीत वाढतो आणि बोट्युलिनमचे बीजाणू मातीत असतात. सालीला चिकटून ते घरात येतात. उकळल्यानेही ते सहजी मरत नाहीत. कच्चा लसूण चिरून तेलात बुडवला आणि ओट्यावर ठेवला, तर हवा नाही, आंबटपणा नाही, मीठ नाही आणि ऊब भरपूर, असे त्यांना हवे ते सगळे मिळते. १९८५ साली कॅनडातल्या व्हॅनकुव्हर शहरात एका उपाहारगृहातल्या तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना ही विषबाधा झाली. १९८९ साली न्यूयॉर्क राज्यात पुन्हा असा प्रकार घडला, तेव्हा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तेलातल्या विक्रीच्या लसणात आम्ल घालणे आवश्यक केले. या विषाला वास नसतो, चव नसते. त्यामुळे ‘वास घेऊन पाहू’ ही स्वयंपाकघरातली सर्वांत जुनी चाचणी इथे कामाची नाही.

घरच्या आले-लसूण पेस्टला म्हणूनच मीठ आणि थोडे व्हिनेगर किंवा लिंबू द्यावे, ती आतल्या गार कप्प्यात ठेवावी आणि आठवड्यात संपवावी, उरलेली गोठवावी. पेस्ट कधी हिरवी-निळी पडते, ती मात्र निरुपद्रवी बाब आहे. लसणातली गंधकाची संयुगे आम्लाच्या सान्निध्यात रंगीत होतात, आणि थंडीत राहिलेल्या लसणात हे अधिक दिसते.

मेयोनीज म्हणजे तेलाचे बारीक थेंब अंड्याच्या किंवा दुसऱ्या एखाद्या घटकाच्या आधाराने पाण्यात तरंगत ठेवलेले मिश्रण. विकतच्या मेयोनीजमध्ये आम्ल असते, तरी उघडल्यावर ते आतच ठेवावे, मात्र मागच्या जाळीपासून दूर. गोठले की ही बांधणी तुटते आणि तेल वेगळे होते. कच्च्या अंड्याच्या घरगुती मेयोनीजमध्ये साल्मोनेलाचा धोका असतो. तेलंगणा सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर एकेका वर्षाची बंदी घातली, ती याच कारणाने.

चौकट : जागा कोणाची कुठे

*वरचा, सर्वांत गार कप्पा* – ओल्या खोबऱ्याची चटणी, हिरवी चटणी, आले-लसूण पेस्ट
*मधला कप्पा* – ठेचा, मेयोनीज, घरची शेजवान चटणी, चिंचेचा पातळ कोळ, कमी मिठाचे किंवा झटपट लोणचे
*दार* – केचप, चिली सॉस, सोया सॉस, जॅम, विकतचे लोणचे, आटवलेली चिंच-गुळाची चटणी
*बर्फाचा कप्पा* – चटणीच्या आणि पेस्टच्या वड्या
*फ्रीजबाहेर* – मध, व्हिनेगर, भरपूर मीठ-तेलाचे लोणचे, पक्क्या पाकाचा मुरंबा, रोजच्या वापरापुरती कोरडी चटणी

ज्यांना फ्रीज मानवत नाही

मध बाहेर वर्षानुवर्षे टिकतो आणि थंडीत उलट लवकर रवाळतो. रवाळलेला मध खराब नसतो, पण बाटलीतून काढताना चमचा वाकतो.

कोरड्या चटण्यांचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे. दाण्याची, तिळाची, कारळाची, जवसाची चटणी पाण्याअभावी टिकते. तिचा शत्रू खवटपणा. तेलबियांतले स्निग्ध पदार्थ हवेशी संयोग पावून बिघडतात, आणि जवसातले तेल या बाबतीत सर्वांत उतावळे. थंडीत खवटपणा लांबतो, म्हणून मोठा साठा फ्रीजमध्ये ठेवण्यात अर्थ आहे. अडचण येते ती डबा बाहेर काढल्यावर. पावसाळ्यातल्या दमट हवेत गार डबा उघडला की थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून सुटते तसेच दव चटणीवर बसते. असे रोज झाले की चटणीचे गोळे होतात आणि पुढे बुरशी येते. तोडगा सोपा आहे. आठवड्यापुरती चटणी लहान बरणीत बाहेर ठेवावी, मोठा डबा क्वचितच काढावा आणि काढल्यावर खोलीइतका कोमट होईपर्यंत झाकण उघडू नये. दाण्याच्या चटणीवर बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालची वापरू नये. शेंगदाण्यावरच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात.

ओला चमचा

बरणीत ओला हात घालू नये, हा दंडक घरोघरी आहे. त्यामागचे शास्त्र रुमालांच्या हिशोबात बसते. जॅमच्या पृष्ठभागावर पाण्याचे दोन थेंब पडले की तेवढ्या जागेपुरती साखर पातळ होते. मोकळ्या पाण्याचा आकडा तिथेच चढतो आणि बुरशीचा पहिला ठिपकाही नेमका तिथेच उमटतो. बरणीचा उरलेला नव्व्याण्णव टक्के भाग अजून सुरक्षित असतो. पावाला लावलेली सुरी पुन्हा जॅममध्ये बुडवली तर पाण्याऐवजी पावाचे कण जातात, परिणाम तोच. लोणचे आधी वाटीत काढून मग पंगतीत फिरवण्याच्या जुन्या पद्धतीमुळे मोठी बरणी दिवसातून एकदाच उघडत असे.

फोडी तेलाच्या वर डोकावू लागल्या तर त्या दाबून खाली बसवाव्यात किंवा तेल तापवून, पूर्ण गार करून वरून ओतावे. गरम ओतले तर झाकणाखाली वाफ धरते आणि ओला चमचा न घालताही तोच प्रसंग ओढवतो.

भांडे, रांग आणि वास

आंबट-खारट पदार्थांना काच किंवा चिनी माती उत्तम. पितळेत ठेवलेले ताक कळकते, ते आम्लाने धातू विरघळल्यामुळे. लोणचेही कळकू शकते. स्टीलला हे लगेच होत नाही, पण मीठ आणि आम्ल महिनोन्‌महिने एकत्र राहिले की त्यावरही बारीक खड्डे पडतात. चटणी दोन दिवसांसाठी स्टीलच्या डब्यात चालते, लोणचे वर्षासाठी चालत नाही. प्लॅस्टिकमध्ये हळद आणि लसणाचा वास मुरतो तो कायमचा.

बरण्या मागे जाऊन हरवणे हा सगळ्या फ्रीजचा आजार. समोरच्या डब्यांनी मागचे झाकले जातात, मग घरात असलेलाच सॉस पुन्हा विकत आणला जातो आणि अर्ध्या-अर्ध्या तीन बाटल्या जमतात. लहान बरण्या एका लांबट ट्रेमध्ये ठेवल्या तर ट्रे खणासारखा ओढून शेवटची बरणीही हाती येते. ट्रेची विभागणी वापरानुसार केली तर आणखी सोपे. डोसा-इडलीसोबतचे एकात, चायनीजचे दुसऱ्यात. झाकणावर चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख लिहावी. बाटलीवर छापलेली तारीख बंद बाटलीची असते. झाकण उघडले की तो करार संपतो. जुनी बाटली पुढे, नवी मागे. डब्यांमध्ये बोटभर अंतर मात्र राहू द्यावे, कारण थंड हवेला फिरायला वाट लागते.

ठेचा आणि लसणाच्या चटणीचा वास लोण्याला, दुधाला लागतो. गंधकाची संयुगे उडून हवेत मिसळतात आणि स्निग्ध पदार्थ ती शोषून घेतात. घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी हाच यावरचा खरा उपाय. लिंबाची फोड किंवा खाण्याच्या सोड्याची वाटी ठेवल्याने थोडा फरक पडतो, झाकण सैल असेल तर तोही पडत नाही.

दारात काचेच्या जड बाटल्या दाटीने भरल्या तर कालांतराने दार किंचित ओघळते आणि कडेचे रबर नीट टेकत नाही. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती सहज निसटली तर तिथून थंडी गळते आहे. अशा वेळी मोठ्या बाटल्या बिजागरीच्या बाजूला सरकवाव्यात, आणि रबराच्या घडीत साचलेला सॉसचा चिकटा कोमट पाण्याने पुसून काढावा.